हायस्कूलचं बास्केटबॉल सगळ्यात भारी कुठे? माझं उत्तर इंडियाना

माझा मावसभाऊ जर्सी सिटीत राहतो, मी इंडियानातल्या कोलंबसमध्ये, आणि गेली आठ-नऊ वर्षं आमचं एकच भांडण चालू आहे. अमेरिकेत हायस्कूलचं बास्केटबॉल सगळ्यात भारी कुठल्या राज्यात? फोन आईच्या गुडघ्यांवरून सुरू होतो, मावशीच्या शुगरवर येतो आणि दहाव्या मिनिटाला आमचे आवाज चढलेले असतात. तो म्हणतो न्यू जर्सी, मी म्हणतो इंडियाना. तो मला दादा म्हणतो, पण या विषयावर मोठ्या भावाचा मान वगैरे काही ठेवत नाही, आणि मलाही ते बरंच वाटतं.

आम्ही दोघं कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघत मोठे झालो, त्यामुळे आपल्या पेठेच्या पोरांसाठी घसा बसेपर्यंत ओरडणं काय असतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. मी पुण्यात नोकरी करत होतो, कमिन्समध्ये, आणि कमिन्सचं हेड ऑफिस या कोलंबसमध्ये, म्हणून इकडे आलो. पन्नास हजारांचं गाव, इंजिनच्या कंपनीमुळे पुण्याची माणसं भरपूर, गणपतीला मोदक मिळतात. आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी विचारलं, शुक्रवारी मॅचला येणार का? मला वाटलं कुठल्या तरी मोठ्या टीमची मॅच असेल. गेलो तर हायस्कूलची पोरं खेळत होती आणि सात हजारांच्या आसपास माणूस बसेल असं ते जिम. शाळेचं जिम! पूर्ण भरलं नव्हतं, पण बसलेल्यांत सत्तरीच्या बायका होत्या ज्यांची नातवंडंसुद्धा शाळा सोडून गेलेली, आणि त्या रेफ्रीला अशा काही सुनावत होत्या की मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. हा वाद घालणारे बहुतेक लोक एकच हिशोब करतात, एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, कुठल्या राज्याचे किती गेले. तो हिशोब केला तर बोलायलाच काही उरत नाही, कॅलिफोर्निया पहिलं, न्यूयॉर्क त्याच्या मागे, माणसंच तिथे जास्त आहेत. शिकागोवाला माझा ऑफिसातला मित्र म्हणतो आयझेया थॉमस आमचा, डेरिक रोझ आमचा, अँथनी डेव्हिस आमचा, आणि बरोबरच आहे त्याचं. ओहायोवाल्याला तर एक लेब्रॉन जेम्स म्हटला की पुढे बोलावंच लागत नाही. पण मी म्हणतो की खेळाडू पिकवणं वेगळं आणि बास्केटबॉल पिकवणं वेगळं. एका घरात एक अवलिया गवई जन्माला आला म्हणून त्या गावाला गाणं कळतं असं होत नाही ना.

खेळ जन्मला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, डिसेंबर १८९१ मध्ये, जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी हिवाळ्यात पोरांना आत कोंडून काय खेळवायचं म्हणून काढला. इंडियानाला तो असा चिकटला की १९११ पासून इथे राज्य स्पर्धा आहे. कारण साधं आहे आणि शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला लगेच कळेल. मका आणि सोयाबीन निघालं की नोव्हेंबर ते एप्रिल शेतात काम नाही, बाहेर बर्फ, आणि गावातली शाळा एवढीशी की अमेरिकन फुटबॉलला पुरेशी पोरं जमत नाहीत. पाच मात्र कुठेही जमतात. कोठाराच्या भिंतीवर रिंग ठोकली की झालं. मग प्रत्येक गावाला टीम, टीमला जिम, आणि जिम मोठं केलं की सेक्शनलच्या, म्हणजे राज्य स्पर्धेच्या पहिल्या टप्प्याच्या, मॅचेस आपल्याकडे होणार, तिकिटाचा गल्ला आपल्याला येणार, म्हणून शेजारच्या गावापेक्षा मोठं जिम बांधायची ईर्षा. त्यातूनच न्यू कॅसलचं फील्डहाउस उभं राहिलं, १९५९ साली, आठ हजारांच्या वर माणूस बसतो, हायस्कूलचं जगातलं सगळ्यात मोठं जिम. आज गावाची लोकसंख्या वीस हजारांच्या आत. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. दारातून आत शिरलो की आपण वरच्या पायरीवर असतो आणि कोर्ट खाली खोल, चारही बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या. मला खासबाग मैदान आठवलं. तिथे कुणीही खेळत नसताना अर्धा तास बसून राहिलो.

आणि मायलन. इंडियानात राहून मायलनची गोष्ट न सांगणं म्हणजे कोल्हापुरात राहून शाहू महाराजांचं नाव न घेणं. स्पेलिंग इटलीतल्या मिलानचंच, पण उच्चार मायलन. शाळेत १६१ मुलं. त्या काळात स्पर्धा एकच होती, राज्यातल्या साडेसातशेच्या आसपास शाळा सगळ्या एकाच कढईत, लहान-मोठं असा भेद नाही. १९५४ ची फायनल, समोर मन्सी सेंट्रल, पोरांची संख्या मायलनच्या दहा पट. मायलनचा कोच मार्व्हिन वुड, वय सव्वीस. चौथ्या क्वार्टरमध्ये टीम मागे असताना बॉबी प्लम्प नावाचा पोरगा बॉल हातात धरून नुसता उभा राहिला, चार मिनिटांच्या वर, तेव्हा ठरलेल्या सेकंदांत शॉट टाकायलाच लावणारं शॉट क्लॉक नव्हतं, आणि सगळं फील्डहाउस ओरडत असताना तो उभा. आजोबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं की मागे असताना बॉल का धरून ठेवायचा? ते म्हणाले, समोरचे बास्केटभोवतीची आपली जागा सोडून बाहेर येत नव्हते आणि कोचला मॅच जवळच ठेवायची होती. शेवटी ३०-३० झाले, पुन्हा प्लम्पनेच बॉल धरला, सेकंद संपत आले आणि उजव्या बाजूने त्याने उडी मारून शॉट टाकला. ३२-३०. मी मायलनला जाऊन आलोय, दीड तासाचा रस्ता आहे. गावात त्या टीमचं छोटं म्युझियम आहे, पोरांचे स्वेटर, फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं. दुसरं काही बघण्यासारखं गावात नाही आणि कशाला हवं.

मावसभाऊ म्हणतो, दादा, हे तुमचं एकच किती दिवस पुरवून खाणार? इलिनॉयमध्येही हेब्रन आहे, १९५२, शाळेत ९८ मुलं, क्विन्सीसारख्या मोठ्या शाळेला ओव्हरटाइममध्ये हरवलं. मान्य आहे. हेब्रनला माझा नमस्कार. पण इलिनॉयने १९७२ च्या सुमारास पोरांच्या संख्येप्रमाणे शाळांचे क्लास पाडले आणि इंडियानाने १९९७ पर्यंत ती एक कढई टिकवली.

तरी एक गोष्ट मला स्वच्छ सांगायला हवी, कारण इंडियानावाले मायलन सांगतात आणि तिथेच थांबतात. इंडियानापोलिसमध्ये क्रिस्पस ॲटक्स नावाचं हायस्कूल, १९२७ साली शहराने फक्त काळ्या मुलांसाठी वेगळं काढलेलं, म्हणजे त्यांना बाकी शाळांतून बाजूला काढता यावं म्हणून. बरीच वर्षं त्यांना राज्य स्पर्धेत घेतच नव्हते, चाळीसच्या दशकात घेतलं. त्यांचं जिम इतकं लहान की घरच्या मॅचेस व्हायच्याच नाहीत, पोरं कायम दुसऱ्याच्या कोर्टवर. १९५४ ला मायलनने फायनलच्या आधी ज्यांना हरवलं त्यात हेच ॲटक्स होतं आणि त्या टीममध्ये दहावीतला एक पोरगा होता, ऑस्कर रॉबर्टसन. पुढच्या वर्षी ॲटक्स जिंकलं. १९५५. देशात कुठल्याही राज्याची खुली स्पर्धा जिंकणारी ही पहिली काळ्या मुलांची शाळा. १९५६ ला पुन्हा जिंकलं आणि तेही एकही मॅच न हरता, इंडियानात तोपर्यंत कुणालाच जमलेलं नव्हतं ते.

आणि शहराने काय केलं? जिंकलेल्या टीमची मिरवणूक शहराच्या मधोमध, मॉन्युमेंट सर्कलवर व्हायची. ॲटक्सची गाडी सर्कलला एक फेरी मारून सरळ काळ्यांच्या वस्तीतल्या पार्कात नेली. तिथे शेकोटी पेटवून नाचा म्हणून. रॉबर्टसनने हे आयुष्यभर मनात ठेवलं, मोठा खेळाडू झाल्यावरही बोलत राहिला, आणि मला त्याचं पटतं, असली गोष्ट विसरायची नसते. शहराला पहिलं राज्य विजेतेपद त्या पोरांनी आणून दिलं होतं! मी ज्या राज्याची बाजू घेऊन भांडतो त्याच्या अंगावर हा डाग आहे, आणि तो पुसून माझी बाजू मोठी होणार नाही. उलट मला वाटतं मायलन आणि ॲटक्स या दोन गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात, दोन सलग वर्षांच्या तर आहेत. २०१७ ला ॲटक्स पुन्हा राज्यात जिंकलं, १९५९ नंतर पहिल्यांदा, त्या रात्री आजोबांनी टीव्ही मोठा लावला होता, आमच्या घरात आवाज येत होता.

आता मावसभावाची बाजू. ती लंगडी नाही. जर्सी सिटीत सेंट अँथनी हायस्कूल होतं, नन्सनी चालवलेली छोटी कॅथलिक शाळा, गरीब पोरांची, स्वतःचं जिम नाही. कोच बॉब हर्ली, पोटापाण्याची नोकरी प्रोबेशन ऑफिसरची, म्हणजे कोर्टाने तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडलेल्यांवर, वाकड्या वाटेला लागलेल्यांवर लक्ष ठेवायचं. या माणसाने २६ राज्य विजेतेपदं काढली. कधी बिंगो खेळतात त्या हॉलमध्ये प्रॅक्टिस घ्यायची, कधी कुणाचं जिम उसनं मागायचं. १९८९ ची त्यांची टीम एकही मॅच हरली नाही, त्यात कोचचाच मुलगा बॉबी हर्ली होता जो पुढे ड्यूक विद्यापीठाकडून खेळला. मावसभाऊ राहतो तिथून ती शाळा चालत जाण्यासारखी. २०१७ ला पैशाअभावी बंद पडली. त्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हा आम्ही भांडलो नाही. तो म्हणाला, दादा, एवढ्या श्रीमंत राज्यात एवढी माणसं घडवणारी एक शाळा चालवायला पैसे नाहीत? मला काही बोलता आलं नाही, कारण इकडे अँडरसनचं विगवॅम, नऊ हजारांचं जिम, २०११ ला असंच बंद झालं होतं. जनरल मोटर्सचे कारखाने गेले, माणसं गेली, शाळांकडे पैसा राहिला नाही.

पण माझं म्हणणं असं की सेंट अँथनी एक चमत्कार होता आणि चमत्काराला राज्य म्हणत नाहीत. हर्लीसारखा माणूस मेरीलँडमध्येही होता, डिमॅथाचे मॉर्गन वूटन, १,२७४ विजय. १९६५ ला न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियलची सलग ७१ विजयांची मालिका त्यांनी मोडली, ४६-४३, तेव्हा पॉवर मेमोरियलकडे लू अल्सिंडर म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार होता! त्याच्या उंचीची सवय व्हावी म्हणून वूटननी प्रॅक्टिसमध्ये आपल्या खेळाडूच्या हातात टेनिसची रॅकेट देऊन त्यावरून शॉट टाकायला लावले होते. असला कोच ज्या शाळेला मिळतो ती शाळा मोठी होते, आजूबाजूची वीस मैल तशीच राहतात.

आणि आजकालचं तर विचारूच नका. कूपर फ्लॅग घ्या, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सगळ्यात आधी निवडलेला. मेन राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या लहान गावचा. नवव्या इयत्तेत त्याने आपल्या गावच्या शाळेला मेनची स्पर्धा जिंकून दिली आणि मग फ्लोरिडातल्या माँटव्हर्डे ॲकॅडमीत गेला, जिथे देशभरातून निवडून पोरं आणतात. त्याची टीम ३३-० राहिली. आता हा कुणी घडवला, मेनने की फ्लोरिडाने? व्हर्जिनियातल्या डोंगरातली ओक हिल ॲकॅडमी हेच कित्येक वर्षं करत आली, कार्मेलो अँथनी तिथे, केव्हिन ड्युरंट एक वर्ष तिथे. मुलांचं भलं होतं, मी त्यांना किंवा त्यांच्या आईबापांना नावं ठेवणार नाही, माझ्या मुलीला चांगली संधी आली असती तर मीही पाठवली असती. पण गावात जन्मली ती पोरं घेऊन गावाने लढायचं यात जी गंमत आहे ती तिथे नाही. पाटाकडीलने मुंबई-गोव्याहून अकरा खेळाडू आणले तर मॅच चांगली होईल, पण चौकात रात्री दोनपर्यंत त्यावर बोलणार कोण?

केंटकीबद्दल मात्र मी गप्प बसतो. त्यांनी आजही क्लास पाडलेले नाहीत. राज्यात एकच विजेता, शेवटच्या सोळा टीम लेक्सिंग्टनला रप अरीनात, आणि सगळं राज्य तो आठवडा तिकडे डोळे लावून. इंडियानाने १९९७ नंतर चार क्लास केले. लहान शाळांना कप मिळावा हा हेतू चांगला होता आणि मिळतातही, पण आजोबा त्या विषयावर अजून चिडतात. म्हणतात, मायलनला चौथ्या गटाचा कप दिला असता तर आज मायलन कुणाला माहीत असतं? मी त्यांच्या बाजूचा आहे. दर जूनमध्ये इंडियाना आणि केंटकीचे निवडक सीनियर, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाची पोरं, एकमेकांशी खेळतात, १९४० पासून चालत आलंय हे, आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा केंटकीतल्या लुइव्हिलचा आहे, तेव्हा त्या आठवड्यात आमचं कामाव्यतिरिक्त बोलणं बंद असतं.

हे सगळं एकदा जेवताना चाललेलं असताना मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त मुलांचंच बोलताय. खरंच होतं. मी तिला १९७६ सांगितलं, इंडियानात मुलींची पहिली राज्य स्पर्धा, वॉर्सॉ जिंकलं, ज्यूडी वॉरन. ती म्हणाली, १९७६? आणि आयोवात? मग मी वाचायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. आयोवात मुलींची स्पर्धा १९२० पासून. सहा जणींची टीम, तिघी फक्त बास्केट टाकणार, तिघी फक्त अडवणार, मधली रेषा ओलांडायची नाही, दोनच ड्रिबल. १९६८ ची फायनल, युनियन-व्हिटन विरुद्ध एव्हरली, ओव्हरटाइममध्ये ११३-१०७, डेनिस लाँगने ६४ टाकले आणि हरलेल्या टीमच्या जेनेट ओल्सनने ७६! पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सनी डेनिसला ड्राफ्टमध्ये पुकारलं, पुरुषांच्या लीगमध्ये. खेडोपाडीच्या शेतकऱ्यांच्या मुलींसाठी अख्खं राज्य डे मॉइनला भरून यायचं, इकडे इंडियानात मुलींच्या हाती पॉम-पॉम होते तेव्हा. सहा जणींचा खेळ तिथे १९९३ पर्यंत टिकला. कॅटलिन क्लार्क आयोवाची आहे यात मला आता नवल वाटत नाही. मुलींचं विचाराल तर माझं उत्तर आयोवा, आणि ते मी मुलीला त्याच रात्री, म्हणजे सकाळी, सांगून टाकलं.

आजोबा मूळचे बेडफर्डचे. त्यांच्या कोठाराच्या भिंतीवर रिंग आहे, मुलांसाठी ठोकलेली, मुलं आता पन्नाशीची. रिंगच्या खाली फळ्यांचा रंग वेगळा दिसतो, चाळीस वर्षं बॉल आपटून आपटून तिथला लाल रंग गेलाय आणि मधोमध लाकूड राखाडी, गुळगुळीत झालंय. हात फिरवला तर पाट्यावरून फिरवल्यासारखं लागतं. त्यांच्याकडे १९९० च्या फायनलचं तिकीट आहे, बायबलमध्ये ठेवलेलं. ४१,०४६ माणसं आली होती हायस्कूलची मॅच बघायला, तो देशाचा विक्रम आहे. बेडफर्डचा डेमन बेली, टीम सहाने मागे, अडीच-तीन मिनिटं उरलेली, आणि शेवटचे अकराच्या अकरा पॉइंट एकट्याने केले. ६३-६०. मॅच संपल्यावर तो गर्दीत चढून आईवडिलांना शोधत गेला. आजोबा हे सांगताना प्रत्येक वेळी तिथेच थांबतात.

या फेब्रुवारीत मावसभाऊ पहिल्यांदाच सीझनमध्ये आला. घरच्या शेवटच्या मॅचला सीनियर नाइट होती. मुलगी पेप बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, त्यामुळे आम्ही दीड तास आधीच जाऊन बसलो. जिममध्ये पॉपकॉर्नचा आणि पॉलिश केलेल्या लाकडाचा मिळून एक वास असतो, तो कोट काढेपर्यंत अंगात मुरतो. मॅचच्या आधी शेवटच्या वर्षाची पोरं एकेक करून आईवडिलांचा हात धरून कोर्टच्या मधोमध आली, आईला एक फूल, आणि माइकवरून प्रत्येकाचं पुढे काय ते वाचून दाखवतात. एक जण परड्यूला इंजिनीअरिंगला. एक जण नेव्हीत. एक पोरगा, बुटकासा, चष्म्याला मागून पट्टा, तो वेल्डिंग शिकणार होता आणि त्याच्या बापाचे बूट कामावरून थेट आल्यासारखे होते. हा पोरगा सीझनभर बाकावर असतो. त्या दिवशी कोचने त्याला पहिल्या पाचात उतरवला, सीनियर नाइटला तसं करतात. दुसऱ्या मिनिटाला कोपऱ्यात त्याच्याकडे बॉल आला, त्याने शॉट टाकला, रिंगला लागून बाहेर. सगळं जिम उभं राहिलं. चुकलेल्या शॉटला! मी मावसभावाकडे बघितलं तर तोही उभा होता आणि कोल्हापुरात मारायचो तशी बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होता.

मॅच आम्ही चारने हरलो. लोक लगेच निघत नाहीत, कोर्टवर उतरतात, पोरांच्या पाठी थोपटतात, बँडवाल्या मुली स्टँड गोळा करतात. चष्म्यावाला बापाशेजारी खालच्या पायरीवर बसून बूट सोडत होता.

गाडीत बसल्यावर मावसभाऊ म्हणाला, सेंट अँथनीने या टीमला तीसने मारलं असतं, दादा. मी म्हटलं, मारलं असतं, खरंच मारलं असतं. थोडा वेळ तो फोनमध्ये काहीतरी बघत होता. मग म्हणाला, सेक्शनल कधी सुरू होतात? मी म्हटलं मार्चचा पहिला मंगळवार. तो म्हणाला, नुअर्कहून सकाळची फ्लाइट दिसतेय.